लग्नापर्यंत चार बोटं, कंबरेपर्यंत तीन वर्षं

पत्र:

ताई, मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २३. बारावीपर्यंत माझी वेणी कंबरेच्या खाली जायची. मग कॉलेजसाठी अमरावतीला होस्टेलवर राहिले, तिथं केस खांद्यापर्यंत कापले आणि पार्लरमधून सरळ करून घेतले. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून केस जिथल्या तिथं आहेत, वाढूनच नाही राहिले. श्रावणात डेंग्यू झाला आणि दिवाळीपासून तर नुसता हात फिरवला तरी केस हातात येतात. आई घाबरली आहे. शेगावकडं लोकांचे केस गेले होते तसं तर नाही ना, असं म्हणते. आजी म्हणते नजर लागली. वैशाखात माझं लग्न आहे. बायोडाट्यावर फोटो जुना, लांब वेणीचा लावला होता. पाहायला आले तेव्हा होणाऱ्या सासूबाई बोलल्याच, "फोटोत तं केस मोठे होते." मी नऊशे रुपयांचं तेल मागवलं, त्यावर 'तीन महिन्यांत कंबरेपर्यंत' असं लिहिलं आहे. आमच्याकडं बोअरचं खारं पाणी आहे. लग्नापर्यंत केस कंबरेपर्यंत येतील का? टोकं कापू का? काय करू?

उत्तर:

पोरी, वैशाखापर्यंत तुझे केस कंबरेला लागणार नाहीत. हे पहिल्याच ओळीत सांगते, कारण कोणी वेळेवर नीट सांगितलं असतं तर तुझे नऊशे रुपये वाचले असते आणि जिवाला लागलेला घोरही.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. वर्षाकाठी सहा इंच धर. कोणाचा थोडा कमी, कोणाचा थोडा जास्त, पण तीन महिन्यांत हातभर वाढणारा केस माणसाच्या डोक्यावर उगवत नाही. तू कार्तिकात लिहिते आहेस, लग्न वैशाखात. मधे सहा महिने. तेवढ्यात तीन इंच होतील, म्हणजे हाताची चार बोटं आडवी धरली की जेवढं भरतं तेवढं. खांद्यापासून कंबर पंधरा इंच तरी असते. एकही टोक तुटलं नाही, कात्री अजिबात लागली नाही, तरी तिथवर पोचायला अडीच वर्षं लागतात. प्रत्यक्षात थोडं तुटतं, थोडं कापावं लागतं, म्हणून तीन-साडेतीन वर्षांचा हिशेब मनाशी ठेव.

तुझ्या पत्रात एक गोष्ट मात्र चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्याचा मला आनंद आहे. केस वाढूनच नाही राहिले, असं तू लिहितेस. दोन वर्षांत तुझे केस बारा इंचांच्या आसपास वाढले आहेत. केस मुळाशी वाढतो. खाली टोकाला काय चाललं आहे याचा मुळाला पत्ताही नसतो. वर जेवढं वाढलं तेवढंच खाली तुटून गेलं, म्हणून तुला लांबी तिथंच थांबलेली दिसते.

हे तुला स्वतःला पाहता येईल. दुपारी अंगणाच्या उजेडात आरसा घेऊन बस. धुतलेल्या, पूर्ण वाळलेल्या केसांतली एक बारीक बट सुटी कर आणि मुळापासून हळूहळू खाली बोटं सरकव. तुझा केस मूळचा वळणाचा असेल तर वरचा बराचसा भाग तसाच, आपल्या वळणाचा लागेल. मग एका जागी तो एकदम सपाट, ताठ आणि कोरडा होतो. तिथून खाली पार्लरमध्ये सरळ केलेला जुना केस. मुळापासून त्या जागेपर्यंत जी लांबी आहे ती तुझी गेल्या दोन वर्षांची कमाई. माझ्या अंदाजानं सरळ केलेला भाग आता टोकाला दोन-तीन बोटंच उरला असेल. बाकी सगळा तुटून गेला. त्या औषधानं केसाच्या आतले बंध तोडून तो सरळ केला जातो. एकदा तसा झालेला केस कोणत्याही तेलानं, कोणत्याही महागड्या क्रीमनं पहिल्यासारखा होत नाही. केस ही जिवंत वस्तू नाही. घाव भरून येणं हे कातडीचं काम, केसाचं नाही.

म्हणजे आज तुझ्या डोक्यावर बहुतेक सगळा नवा, धडधाकट केस आहे. आतापर्यंत जे तुटत होतं ते मुख्यतः ते जुनं टोक. इथून पुढं नीट सांभाळलंस तर वर्षाच्या सहा इंचांतले चार-पाच इंच तुझ्या हाती राहतील, जे गेल्या दोन वर्षांत राहिले नाहीत.

आता दिवाळीपासूनच्या गळतीकडं येऊ. ही गोष्ट निराळी आहे, दोन्हींची सरमिसळ करू नकोस. आठवडाभर असं कर. विंचरताना मांडीवर एक जुना काळा किंवा गडद रंगाचा कपडा पसर. पडलेले केस गोळा करून फेकू नकोस, एकेक उचलून दोन्ही टोकं उजेडात बघ. एका टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही बारीक पांढरा ठिपका असेल तर तो केस मुळासकट आला आहे, म्हणजे गळला आहे. दोन्ही टोकं नुसतीच असतील आणि केस आखूड असेल तर तो मधेच तुटला आहे. डेंग्यूनंतरची तुझी गळती बहुतेक पांढऱ्या ठिपक्यांची निघेल.

त्याचं कारण असं. एरवी डोक्यावरच्या शंभरातले पंच्याऐंशी-नव्वद केस वाढत असतात आणि बाकीचे विसाव्याला गेलेले असतात. विसावा साधारण तीन महिन्यांचा. तो संपला की केस गळतो आणि त्याच जागी नवा येतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस पडणं हे निरोगी डोक्याचंही काम आहे, आणि तीन दिवसांनी न्हालीस तर तीन दिवसांचे एकदम दिसतात. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार, असं काही शरीरावर आलं की एकाच वेळी खूप केस विसाव्याला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी सगळे मिळून गळायला लागतात. श्रावणातल्या डेंग्यूचे केस दिवाळीला पडले ते याच हिशेबानं. आजीला सांग, नजर कोणाची लागलेली नाही, डास चावला होता. ही गळती बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत आपोआप ओसरते. तुझीही वैशाखाच्या आत ओसरायला हवी.

आईची भीती मी समजू शकते. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांमधून ज्या बातम्या आल्या त्यानं सगळा वऱ्हाड हादरला होता. तिथं लोकांचे केस काही दिवसांतच मुठीमुठीनं येत होते, बाया, माणसं, लेकरं, सगळ्यांचेच, आणि डोक्यावर टक्कल पडत होतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचं पथक येऊन गेलं. विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांत बाधितांच्या शरीरात सेलेनियम नावाचं खनिज खूप वाढलेलं आढळलं आणि त्यांनी रेशनच्या गव्हाकडं बोट दाखवलं. पुढं अनेकांना केस परतही आले. तुझ्या घरात एकट्या तुझे केस गळताहेत, तेही डेंग्यूनंतर बरोबर ठरल्या वेळी, डोकंभर सारखे. ते हे नव्हे. त्या प्रकरणातून घ्यायचं ते एवढंच की शरीराला अगदी थोडं लागणारं खनिज जास्त झालं तर तेच केस घालवतं. म्हणून 'केसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या गोळ्या कोणाच्याही सांगण्यावरून सुरू करू नकोस. बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचंही तसंच. त्याची खरी कमतरता क्वचित कोणाला असते, आणि मोठ्या डोसामुळं थायरॉइडच्या तपासणीचा आकडा चुकीचा येऊ शकतो. घेत असशील तर रक्त देताना तसं सांग.

एक गोष्ट कोणी सांगत नाही आणि मग पोरी वर्षभरानं पुन्हा घाबरतात. गळती थांबली तरी वेणीचा शेपटा बरेच दिवस बारीकच राहतो. गळालेल्या केसांच्या जागी जे नवे आले ते अजून कपाळावर दोन बोटांचे आहेत. त्यांना खांद्यापर्यंत पोचायला दोन वर्षं लागणार. तोवर वेणी मुळाशी भरीव आणि खाली निमुळती दिसेल. लग्नाच्या सुमारास कपाळाच्या कडेला, भांगाजवळ बारीक उभे केस दिसायला लागतील. ते उपटू नकोस, जेल लावून जोरानं चापूनही बसवू नकोस. तेच तुझे परत आलेले केस.

आता रक्ताचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घे, आशाताईला विचारलंस तर ती सोबत येईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. आपल्याकडं निंदायला, वेचायला जाणाऱ्या बाया सकाळी चहा-पोळीवर निघतात आणि घरात सगळ्यात शेवटी जेवतात, तिथं हा आकडा मला मुळीच नवलाचा वाटत नाही. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी. शरीर रक्तासाठी लोह आधी वापरतं, केसांचा नंबर फार मागं लागतो. शक्य झालं तर फेरिटिन आणि थायरॉइड या दोन तपासण्याही करून घे. हिमोग्लोबिन बरं असलं तरी साठवणीतलं लोह संपलेलं असू शकतं, ते फेरिटिननं कळतं. आणि रक्त देणारच आहेस तर सिकलसेलची, म्हणजे आई-बापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणीही सांग, होणाऱ्या नवऱ्यालाही सांग. त्याचा तुझ्या वेणीशी संबंध नाही, पण विदर्भात लग्नाआधी ही तपासणी व्हायलाच हवी. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

लोहाच्या लाल गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. डॉक्टरांनी दिल्या तर जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत घे. गोळीच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, चहानं लोह अंगी लागत नाही. जेवणालाही हाच नियम. शौचाला काळं होईल, त्यानं घाबरून गोळ्या सोडू नकोस.

खाण्यासाठी बाजारातून डबे आणायची गरज नाही. केस हा मुळात प्रथिनांचा. तुमच्याच शेतात तूर आहे, हरभरा आहे, सोयाबीन आहे. आपण सोयाबीनची पोती भरून मंडीत नेतो आणि पोरींच्या ताटात त्यातलं काही येत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. गव्हासोबत मूठभर सोयाबीन भाजून दळून आण. दोन्ही वेळेला वाटीभर वरण घट्ट असू दे, अंडी चालत असतील तर रोज एक. मूठभर फुटाणे, जवसाची चटणी, शेवग्याची किंवा अंबाडीची भाजी. आता अंबिया बहराची संत्री आली आहेत, वरुड-मोर्शीकडची, जेवणासोबत एक खाल्लंस तर भाजीतलं लोह जास्त पचतं. लग्नात बारीक दिसायचं म्हणून जेवण कमी करू नकोस. डेंग्यूनंतर उपाशी राहिलीस तर वैशाखानंतर गळतीची दुसरी फेरी येईल.

पाण्याकडं येते. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूरपासून अकोला, बुलढाण्यापर्यंत हा खारपाणपट्टा आहे, त्याला तुझा-माझा इलाज नाही. खाऱ्या, जड पाण्यानं केस मुळापासून गळतात असं मी म्हणणार नाही. पण तो खरखरीत होतो, गुंततो, आणि गुंतलेला केस विंचरताना तुटतो. एक प्लास्टिकची स्वच्छ बाटली अर्धी बोअरच्या पाण्यानं भर, साबणाचा थोडा कीस टाक आणि जोरानं हलव. शेजारी दुसऱ्या बाटलीत धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी किंवा पावसाचं साठवलेलं पाणी घेऊन तसंच कर. दुसऱ्या बाटलीत फेस वर टिकून राहील. बोअरच्या बाटलीत फेस लगेच बसेल, पाणी गढूळ होईल आणि पांढरट चिकट तुकडे तरंगतील. न्हाताना तू साबण लावतेस तेव्हा तेच तुझ्या केसांवर बसतं. म्हणून डोक्याला साबणाची वडी नको, कपड्यांची तर मुळीच नको. शांपूचं तसं होत नाही, रिठ्याचंही नाही. रिठा वापरत असशील तर पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घे, चोथा केसांत अडकतो.

आठवड्यातून दोनदा न्हा. शांपू तांब्याभर पाण्यात कालवून फक्त डोक्याच्या कातडीला चोळ. लांब केसांना खाली वाहून जाणारा फेसच पुरतो, केसांचा पुंजका करून दगडावर कपडा घासावा तसं घासायचं नाही. नंतर कंडिशनरची छोटी पुडी, मुळांना न लावता, खालच्या अर्ध्या केसांना. नळाला पाणी येईल त्या दिवशी दोन तांबे बाजूला ठेव आणि शेवटचं धुणं त्यानं कर. टॉवेलनं झटकू नकोस. जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा घे, केस दाबून पाणी टिप.

ओला केस फुगलेला आणि कमकुवत असतो, आणि तू पत्रात लिहिलं नसलंस तरी मला शंका आहे की सकाळची एसटी गाठायच्या घाईत ओलेच केस वरून खाली ओढून विंचरायची सवय होस्टेलपासून लागली असेल. बहुतेकींना असतेच. अर्धवट वाळू दे. रुंद दातांचा कंगवा घे, टोकापासून सुरुवात कर, खालची गुंत सुटली की चार बोटं वर जा. फणी उवांसाठीच ठेव, रोजची नको. उवा झाल्याच तर दवाखान्यातून परमेथ्रिनचं लोशन आण आणि सात ते दहा दिवसांनी पुन्हा एकदा लाव. रॉकेल नको. आणि घरात पडलेलं फवारणीचं औषध तर कोणाच्याही सांगण्यावरून डोक्याला लावायचं नाही, कातडीतून विष भिनतं. हे मी तुझ्या घरातल्या लहान पोरींसाठीही सांगते आहे.

रात्री सैल वेणी घालून झोप. दुधाच्या पिशवीला लागलेलं रबर केसांना बांधू नकोस, कापडी बो घे. शेतात जाताना ओढणी डोक्याला हवीच, आपल्या इथल्या उन्हानं केसाचा वरचा थर उडतो, पण ओढणीखाली केस करकचून आवळलेले नकोत. रोज ताणून बांधलेल्या केसांची मुळं कपाळाच्या कडेनं हळूहळू कायमची जातात. पाण्याचा हंडा किंवा मोळी डोक्यावर आणत असशील तर चुंबळ मऊ कापडाची कर आणि जागा बदलत जा. वर्षानुवर्षं एकाच जागी घासलं की टाळूवर विरळ पडतं, हे गावातल्या थोराड बायांच्या डोक्याकडं पाहिलंस तर दिसेल.

तेल. तुझ्या नऊशेच्या बाटलीवर जे लिहिलं आहे ते कोणतंच तेल करू शकत नाही. आपल्याकडच्या सरकारी औषध नियमांत अनुसूची 'जे' म्हणून एक यादी आहे. कोणतंही औषध हे बरं करण्याचा दावा करू शकत नाही अशा गोष्टींची. त्यात टक्कल आणि नवे केस उगवणं दोन्ही आहेत. तरी असली बाटली खुशाल विकली जाते, कारण विकत घेणारी पोर घाबरलेली असते. परत करता येत असेल तर कर. आपलं साधं खोबरेल तेल मात्र कामाचं आहे. ते केसाच्या आत शिरतं, त्यानं धुताना केस कमी फुगतो आणि त्यातली प्रथिनं कमी जातात. सूर्यफुलाच्या किंवा पांढऱ्या खनिज तेलाला ते जमत नाही. न्हायच्या दोन-तीन तास आधी खालच्या केसांना लाव, टोकांना जास्त. यानं केस वाढणार नाहीत, तुटायचे कमी होतील, आणि तुला नेमकं तेच हवं आहे. कोंडा असेल तर कातडीवर तेल साठवून ठेवू नकोस, कोंड्याची बुरशी त्यावर पोसते. कांद्याचा रस लोक चाईवर, म्हणजे केस जाऊन पडलेल्या गोल चट्ट्यावर, लावतात, लांबीशी त्याचा संबंध नाही.

टोकांचं विचारलंस. कापल्यानं केस भरभर वाढतो हा गैरसमज आहे, कात्री मुळापर्यंत पोचत नाही. पण फाटलेलं टोक सुंभाच्या पिळासारखं असतं, एकदा सुटलं की वर वर उकलत जातं आणि मग केस मधूनच तुटतो. सरळ केलेलं जे शेवटचं दोन-तीन बोटं उरलं आहे त्यातलं एक बोट आता धारदार कात्रीनं काप, स्वयंपाकघरातल्या कात्रीनं नको. बाकीचं लग्नानंतर. मग दर चार-पाच महिन्यांनी अर्धा इंच. लग्नात तुझे केस खांद्याच्या तीन बोटं खाली असतील, आणि टोकं एकसारखी असतील.

आणि पुढं कंबर गाठता येईल का? प्रत्येकीच्या केसाचं वाढीचं आयुष्य ठरलेलं असतं, कोणाचं दोन वर्षं, कोणाचं सहा. दोन-तीन वर्षांचं असेल तर कितीही जपलं तरी केस पाठीच्या मध्याखाली जात नाहीत आणि त्यात त्या पोरीची काही चूक नसते. तुझी वेणी बारावीत कंबरेखाली होती, म्हणजे तुझ्या केसाचं आयुष्य चार वर्षांच्या वर आहे. तुला जमेल. दर आठवड्याला आरशात मोजत बसू नकोस. तीन महिन्यांतून एकदा शिलाईच्या टेपनं एकच बट मोज आणि कॅलेंडरच्या मागं लिहून ठेव.

दवाखाना कधी? गळती सहा महिन्यांपुढं चालू राहिली, रुपयाएवढे गोल चट्टे पडले, कातडी खाजते किंवा पू येतो, पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर केस येताहेत, यातलं काही असेल तर अमरावतीला त्वचेच्या डॉक्टरकडं जा. टक्कल पडण्यावरची जी औषधं असतात ती त्यांनी सांगितल्याशिवाय लावायची नाहीत, लग्नानंतर दिवस राहिले तर अजिबात नाहीत.

उरला फोटो. सासूबाईंच्या त्या एका वाक्यानं तू सहा महिने मान खाली घालून काढशील असं मला वाटतं, आणि ते मला नको आहे. मुलाला स्वतः फोन कर. सांग की फोटो बारावीचा होता, नंतर केस कापले, यंदा डेंग्यू झाला म्हणून गळताहेत, लग्नात ते खांद्याच्या थोडे खाली असतील आणि पुढच्या तीन वर्षांत वाढतील. एवढंच. आईनं सासूबाईंना हेच सांगावं, तुझ्या आजारपणाच्या गोष्टीसकट. ज्या घरात जायचं आहे त्या घराला तुझा डेंग्यू माहीत असणं तुझ्याच भल्याचं आहे. हे ऐकून कोणी केसांवरून बैठक मोडायला निघालंच, तर ते आता कळलेलं बरं, आणि मी तुझ्या बाजूनं उभी आहे.

लग्नात लांब वेणी हवीशी वाटणं यात काही वावगं नाही, त्यासाठी गंगावन आहे आणि ते आपल्या आज्यांनीही लावलं आहे. तालुक्याच्या बाजारातून हलकं बघून घे, तुझ्या केसांच्या रंगाचं. आधी स्वतःच्या केसांचे तीन-चार पेड गुंफू दे आणि मग गंगावन त्यात घेऊ दे, म्हणजे सगळा भार मुळांवर येत नाही. पार्लरवालीला सांग, गरम मशीन एकदाच, लग्नाच्या दिवशी, आणि तेही कमी तापमानावर. आधी वेणी-मेकअप करून बघतात त्या दिवशी नको. अंतरपाट सकाळचा असेल तर जेवणाच्या पंगती बसल्या की खोलीत जाऊन गंगावन सोड, केस बोटांनी मोकळे कर आणि सैल आंबाडा घालून बाहेर ये.